बारमाही नको, हंगामीच बरं

आषाढ लागला की आमच्या सातारा जिल्ह्यात दोन गोष्टी सुटतात. ठोसेघर, केळवली, भांबवलीचे धबधबे सुटतात आणि पाठोपाठ प्रशासनाचा बंदी आदेश सुटतो. पाण्यात उतरू नका, कड्याच्या टोकाला जाऊ नका, रस्त्यात गाड्या लावू नका, दारू पिऊन दंगा करू नका. मजकूर वर्षानुवर्षं तोच, बदलते ती तारीख. ही बातमी ज्या पानावर येते त्याच पानावर खाली कुठल्या तरी रिसॉर्टच्या पावसाळी पॅकेजची जाहिरात असते, आणि निवडणुका जवळ आल्या असतील तर शेजारी बारमाही पर्यटनाचं आश्वासनही असतं. म्हणजे एकाच सरकारचं एक खातं म्हणतंय येऊ नका आणि दुसरं म्हणतंय बाराही महिने या.

मला दोन्ही पटत नाही. सरसकट बंदी हा कामचुकारपणा आहे आणि बारमाही पर्यटन हा सातारा-सांगलीच्या पश्चिमेकडच्या डोंगराला न झेपणारा हट्ट आहे. इथलं हिंडणं-फिरणं हंगामाहंगामानं बदलायला हवं. काही महिने काही जागा पूर्ण बंद राहायला हव्यात, आणि कुठलं दार कधी उघडायचं हे तिथं राहणाऱ्या माणसांनी ठरवायला हवं. माणसं कमी यावीत असं माझं म्हणणं नाही. एकाच जागी बारा महिने कोंबण्यापेक्षा ती जिल्हाभर पांगावीत, एवढंच.

आधी डोंगर कसा आहे ते पाहू. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या माण तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास घुटमळतो. एका जिल्ह्यात इतका फरक! सांगलीचंही तेच, शिराळ्यात चांदोलीचं घनदाट रान आणि जत-आटपाडीत बाभळीची माळरानं. अशा मुलखासाठी वर्षभराचं एकच पर्यटन धोरण करणाऱ्याला मी एकदा तरी जुलैत पश्चिमेच्या बामणोलीला आणि एप्रिलात माणमधल्या दहिवडीला उभं करीन.

पश्चिमेकडच्या पट्ट्याचं वर्ष कसं जातं? मृगापासून भात-नाचणीची गडबड. आषाढ-श्रावणात धुकं, निसरडं, दरडी, बंद पडलेल्या एसटी. भाद्रपदात फुलं आणि गणपतीला आलेले मुंबईकर. दिवाळीच्या आसपास कापणी-मळणी. मग थंडी, स्वच्छ आभाळ, गड चढायचे दिवस. शिमग्यापासून वाळलेलं गवत आणि वणवे. चैत्र-वैशाखात यात्रा, लग्नं, करवंदं, जांभळं. या प्रत्येक टप्प्यात बाहेरच्या माणसाला सामावून घ्यायची गावाची आणि रानाची ताकद वेगळी असते. लावणीच्या दिवसांत ज्या घरात चहा करायलाही माणूस मोकळं नसतं, त्या घरानं पावसाळी होमस्टे चालवावा ही अपेक्षा ठेवणाऱ्यानं चिखलात उभं राहून कधी रोप लावलेलं नसावं.

कास पठाराकडेच बघा. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत कास आहे, कोयना अभयारण्य आहे आणि चांदोलीही आहे. सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या वर जाती इथं नोंदलेल्या आहेत. पण हे आकडे बाजूला ठेवून पठारावर एकदा गुडघे टेकून खाली बघावं. खाली सगळा जांभ्याचा कातळ. त्याच्या खोलगट भागात बोटभर माती, तीही पावसानं धुतलेली, नत्र जवळपास नसलेली. त्या मातीत करंगळीच्या नखाएवढी निळी-जांभळी फुलं दाटीनं उभी असतात, ती सीतेची आसवं. या झाडाला मुळांसारख्या तंतूंवर बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. जमिनीत खायला काही नाही म्हणून झाडानं शिकार करायची सोय केली. शेजारी दवबिंदूचं रोप, पानांवरच्या केसांना चिकट थेंब, त्यात एखादं चिलट अडकलेलं. बाजूला गेंदाचे पांढरे गोंडे. हा सगळा संसार तुमच्या बुटाच्या टाचेखाली मावतो. टाच पडली की माती दबते, कातळावरची ओल हलते, बी रुजत नाही. फुलांतून फोटोसाठी पाडलेली वाट म्हणूनच लांबून ओळखू येते.

आणि हे सगळं एकदम फुलत नाही. पावसाच्या सुरुवातीला चवर आणि पांढऱ्या आमऱ्या, ऑगस्टमध्ये गेंद आणि आसवं, सप्टेंबरात तेरड्याचा गुलाबी गालिचा आणि त्यात पिवळी मिकी माऊस, जाता जाता सोनकी. एका जातीचा बहर आठवड्या-पंधरवड्यात बदलतो. टोपली कारवी तर सात-सात वर्षं वाट बघायला लावते. लोकांना मात्र मोबाइलवर पाहिलेला गुलाबी रंगच हवा असतो, आणि तो नसला की 'काय राव, काहीच नाही' म्हणत तिकिटावर भांडतात. तिकीट निसर्गाचं असतं असं बहुधा वाटत असावं.

कासला माणसांची रोजची मर्यादा ३००० ठेवली आहे, ऑनलाइन नोंदणी आहे, आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती तिकीट, पार्किंग, वाटाड्ये सांभाळते. याबद्दल नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. शनिवार-रविवारी मर्यादेचं काय होतं हे सगळ्यांना दिसतं, तरी पद्धत योग्य आहे. कारण इथं हंगाम ठरलेला आहे, दार ठरलेलं आहे आणि दाराशी कास-एकीव-आटाळीकडची पोरं उभी आहेत. महाराष्ट्रात अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील.

याच पठारानं आणखी एक धडा दिला. काही वर्षांपूर्वी फुलं वाचवायला म्हणून भोवती लोखंडी जाळीचं कुंपण घातलं. माणसं थोडी आवरली, पण गुरंही आत यायची थांबली. गवत माजलं, छोटी फुलं दबली, अशी ओरड आधी गावकऱ्यांनी आणि मग जाणकारांनी केली. शेवटी ते कुंपण काढावं लागलं. म्हणजे ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजत होतो तिथं पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरत होती. पठाराचं वर्षाचं वेळापत्रक गुराख्याला माहीत होतं, कुंपणाचं टेंडर काढणाऱ्याला नव्हतं.

नोव्हेंबरनंतर कास तपकिरी, ओसाड दिसतं. तसंच दिसू द्यावं. पुढच्या सालचं बी त्या धुळीत पडलेलं असतं. 'ऑफ सीझनला काहीतरी करा' म्हणून तिथं झिपलाइन, काचेचा पूल, टेन्ट सिटी असली काही खुळं कुणाच्या डोक्यात येऊ नयेत, एवढंच मागणं आहे.

कासहून पुढं उतरलं की बामणोली. शिवसागर जलाशयाच्या काठाचं हे गाव मला या सगळ्या वादात फार महत्त्वाचं वाटतं. कोयनेचं धरण झालं तेव्हा खोऱ्यातली सुपीक जमीन पाण्याखाली गेली. पुष्कळ गावं उठून दूर गेली आणि उरलेली माणसं वरच्या अंगाला सरकली. आज त्याच माणसांची नातवंडं बोटी चालवतात. आजोबांच्या शेतावरून, देवळावरून मोटारबोट जाते आणि मागं बसलेला पाहुणा विचारतो, इथं पाणी किती खोल आहे हो? बोट सगळ्या गटाला मिळून ठरवायची, भाडं वाटून घ्यायचं, गावानं पाळी लावलेली. पैसा फार नाही, पण गावातला गावात राहतो.

या बोटीनं जायचं कुठं, तर वासोट्याला. वासोटा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली हा प्रकल्प झाला. किल्ल्यावर जायला वन खात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात वाट बंद, मुक्काम बंद, संध्याकाळच्या आत बोटीत परत. किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात, अनामत घेतात आणि परत आणून दाखवल्यावर पैसे देतात. सुरुवातीला ट्रेकर मंडळींनी याच्या नावानं बोटं मोडली. आता कुणी तक्रार करत नाही आणि जंगलात बाटली दिसणं दुर्मीळ झालं. बंद महिने असूनही वासोट्याचं आकर्षण कमी झालेलं नाही. उलट वाट उघडायची तारीख आली की बोटींसाठी रांग लागते. हंगाम ठरवला की धंदा बसतो, हे म्हणणं वासोट्यानं तरी खोटं ठरवलं आहे.

मग पावसाळ्याचं काय? खरा पेच इथंच आहे, कारण पुण्या-मुंबईच्या माणसाला सह्याद्री आठवतो तोच मुळी जुलैत.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला येताना आंबेनळी घाटात कोसळली. तीस माणसं गेली. त्या दरीत दोर लावून उतरणाऱ्यांत महाबळेश्वरचे स्थानिक ट्रेकर होते, पगारी कुणी नव्हते, रोजचा धंदा सोडून आलेली पोरं. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दरम्यान पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं घरांवर डोंगर आला. ज्या दिवसांत इथली माणसं रात्री जागून डोंगराचा आवाज ऐकत असतात, त्याच दिवसांत आपण त्याच डोंगरात रील काढायला जातो, ही गोष्ट नुसती धोक्याची नाही, ती अशोभनीय आहे. दरडीखालच्या गावाला पाहुण्याची नव्हे, पर्जन्यमापकाची आणि मोकळ्या रस्त्याची गरज असते. अतिवृष्टीच्या इशाऱ्याला घाटात आडव्या-तिडव्या लावलेल्या चारचाक्यांतून रुग्णवाहिका काढून बघा, म्हणजे कळेल.

तरीही बंदीचा कागद काढून प्रश्न सुटत नाही. कागद काढल्यावर अंमलबजावणीला प्रत्येक धबधब्यावर दोन पोलीस आणि एक होमगार्ड. शुक्रवारपर्यंत तेही नसतात. नेहमीचा धबधबा बंद केला की माणसं नाव नसलेल्या धबधब्याखाली जातात, तिथं तर कठडाही नसतो. तरुण माणसाला पावसात बाहेर पडावंसं वाटणारच. त्याला जाऊ नको म्हणताना कुठं जा हेही सांगावं लागतं, आणि ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी सांगतो. पावसाळ्यात पूर्वेला जा.

सातारा-पंढरपूर रस्त्यावर वर्धनगड आहे, पुढं महिमानगड आहे. औंधच्या पुढं भूषणगड, फलटण-माणच्या बाजूला संतोषगड, वारुगड. पावसाळ्यात इथं भुरभुर असते, गवताला कोवळी हिरवाई येते, ढगांच्या सावल्या माळावरून पळत असतात. दरड नाही, धुक्यात कडा चुकण्याची भीती कमी, चढ तासाभराचा. म्हाताऱ्या आईला, शाळकरी पोराला नेता येतं. मिरज-कवठेमहांकाळकडच्यांना दंडोबाचा डोंगर आहे. श्रावणी सोमवारी तिथं गर्दी होते, एरवी रान मोकळं. सागरेश्वर आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून, स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहित्यांनी आयुष्य घालवून उभं केलेलं अभयारण्य, जिथं आज चितळ-सांबर दिसतात. सांगलीच्या बाहेर हे किती जणांना माहीत आहे? हिवाळ्यात मायणीच्या तलावावर पक्षी येतात, ते बघायला साताऱ्याचीच माणसं जात नाहीत, मुंबईची कुठून येणार. दुष्काळी म्हणून शिक्का बसलेल्या या पट्ट्याला चार महिने पाहुणा मिळाला तर तिथली खाणावळ चालेल, आणि पश्चिमेच्या डोंगराला त्याच चार महिन्यांत उसंत मिळेल. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. गडाच्या पायथ्याला स्वच्छतागृह, एक फलक, आणि रविवारी साताऱ्याहून जास्तीच्या दोन एसटी, एवढं पुरतं.

पावसात दमायचंच असेल तर साताऱ्यानं त्याचीही सोय करून ठेवली आहे. यवतेश्वरच्या घाटात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. देशभरातून धावणारे येतात. पण मला त्या एका दिवसापेक्षा उरलेल्या दिवसांचं कौतुक वाटतं. पहाटे घाटात रेनकोट घालून धावणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी. तिकडं अजिंक्यताऱ्यावर आणि चार भिंतींच्या टेकडीवर रोज सकाळी चढणारी मंडळी, त्यांत सत्तरी ओलांडलेली किती तरी. डोंगराचा खरा उपभोग हा असा असतो, फुकटचा, रोजचा, गाजावाजा नसलेला. पर्यटन धोरणाच्या कागदात या माणसांचा उल्लेख कुठंच नसतो, कारण ती खोली बुक करत नाहीत. घाटातल्या त्या रस्त्यावर पहाटे पायी चालणाऱ्यासाठी कडेला दोन फूट पट्टी कुणी ठेवत नाही, पण रिसॉर्टकडं वळायला डांबरी फाटा रातोरात होतो.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. पोट काय हंगामी असतं का? जावळी-पाटणचा कुणीही हे विचारील, आणि त्याला विचारायचा हक्क आहे. या तालुक्यांतली घरंच्या घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला ओझी उचलत आली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला त्यामागं याच डोंगरातल्या माणसांचे खांदे होते. गावात उरतात म्हातारी माणसं, आणि गाव भरतं ते गणपतीला, शिमग्याला, यात्रेला. अशा गावात बारा महिने पाहुणे आले तर पोरगं वाशीहून परत येईल, ही आशा मी हसण्यावारी नेणार नाही.

पण बारमाही पर्यटनानं ते पोरगं परत येतं का, हे महाबळेश्वरला जाऊन बघावं. उन्हाळी सुट्टीत पसरणीच्या घाटात तासन्‌तास गाड्या तुंबतात, एवढा व्यवसाय तिथं आहे. २००१ साली केंद्र सरकारनं महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, तेही त्या ओझ्यामुळंच. तिथल्या मूळ गावकऱ्याच्या हाती खरा टिकलेला पैसा कुठला, तर स्ट्रॉबेरीचा. आणि स्ट्रॉबेरी हंगामी आहे! पावसाळा सरता सरता लावण, थंडीत तोडणी, उन्हाळ्यापर्यंत पीक. शेतकऱ्यानं रस्त्याकडेला टोपली मांडली, मळ्यात पाहुणा नेला, दोन पैसे वरचे सुटले. बारमाही हॉटेलात मात्र गावच्या पोराच्या वाट्याला बहुतेक वेळा रखवालीची काठी नाहीतर चादरी बदलायचं काम आलं. जमीन विकून आलेला पैसा गाडीत आणि लग्नात गेला, आणि ज्या जमिनीवर हॉटेल उभं राहिलं त्याच जमिनीच्या फाटकावर मालकाचा मुलगा गणवेश घालून उभा राहिला. हे चित्र पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर राहणाऱ्यांना नवं नाही.

वर्षात पाच महिने पर्यटन, चार महिने शेती, बाकी दुधाचं, मधाचं, करवंदांचं, यात्रेचं. डोंगरातलं कुटुंब असंच जगत आलं. त्यातलं एकही अंग पुरेसं नाही, पण सगळी मिळून भागतं. एकाच अंगावर बारा महिन्यांचा भार टाकला की काय होतं ते कोविडच्या दोन वर्षांनी दाखवलं. नुसत्या पर्यटनावर असलेली घरं आधी मोडली. ज्यांची चार गुरं आणि नाचणीचं वावर होतं, त्यांना भाकरी तरी होती.

या पार्श्वभूमीवर नवीन महाबळेश्वर गिरिस्थानाकडं बघावं लागतं. जावळी, पाटण आणि सातारा तालुक्यातली २३५ गावं घेऊन हा प्रकल्प पुढं आला आणि रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. पुढं आणखी गावं जोडायची चर्चा सुरू झाली. रस्ते बांधणाऱ्या संस्थेकडं डोंगराचं नियोजन दिलं की आराखड्यात रस्तेच येणार, यात तिचाही दोष नाही. माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ च्या अहवालात सांगितलं होतं की पश्चिम घाटात काय करायचं आणि काय नाही हे ग्रामसभांना विचारून ठरवा. त्या अहवालाला विकासविरोधी म्हणून बाजूला सारणारे आज 'गावकऱ्यांच्या विकासासाठी' हा प्रकल्प आणतायत. गावकऱ्यांना विचारायचा तेवढा भाग राहून गेला असावा.

माझ्या मते रस्ते हवेत, दवाखाने हवेत, कोयनेच्या काठच्या गावांना बारमाही चालणारी लाँच हवी. गावकऱ्याच्या गरजा बाराही महिने पुऱ्या झाल्याच पाहिजेत. पाहुण्याच्या हौसेला मात्र तारखा असाव्यात. आजवर नेमकं उलटं चालत आलं आहे. पाहुण्यासाठी रात्री अकराला तंदुरी मिळते आणि अडलेल्या बाईला डोलीत घालून उतरवावं लागतं.

करायचं काय, तर वैशाखात, पाऊस पडायच्या आत, प्रत्येक खोऱ्यातल्या ग्रामसभांनी वन खातं आणि तहसीलदाराला समोर बसवून वर्षाचं वेळापत्रक लावावं. कुठली वाट कधी बंद, कुठल्या पठारावर किती माणूस, कुठली पार्किंग कुणाकडं, तिकिटातला किती पैसा गावात. जिथं दरडीची भीती तिथं आषाढ-श्रावण संपूर्ण बंद, तेही गावानं सांगितलेलं. शहरातून आलेल्या आदेशाला लोक फाट्यावर मारतात, पण पाराखाली बसलेल्या चार माणसांनी 'पुढं नाही जायचं' म्हटलं की गाडी वळते. शिमग्यानंतर वणव्याचे दिवस, तेव्हा डोंगरात चूल, शेकोटी, कॅम्पिंग बंद, आणि गवत चांगलं येतं म्हणून काडी लावणाऱ्या आपल्याच माणसालाही दंड. अजिंक्यतारा आणि यवतेश्वरच्या उतारावर दरवर्षी काळे पट्टे दिसतात, ते काही परग्रहावरून येत नाहीत. फांद्यांनी आग झोडपणाऱ्या आणि दरीत दोरावर उतरणाऱ्या पोरांचा विमा आणि दिवसाची मजुरी तिकिटाच्या पैशातून द्यावी. त्यांचा सत्कार पुरे झाला.

पौषापासून चैत्रापर्यंतच्या यात्रांना या वेळापत्रकात मानाची जागा हवी. शिखर शिंगणापूरच्या कावडी असोत, बावधनचं बगाड असो, पालीचा खंडोबा असो, लाखो माणसं डोंगर-माळावर बाहेर पडतात, नाचतात, कुस्त्या बघतात, उघड्यावर जेवतात. आपल्या माणसांचं आउटडोअर ते हेच. पण मांढरदेवला २००५ च्या जानेवारीत चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे जीव गेले, तेव्हा वाटेची रुंदी आणि दुकानांची जागा कुणी ठरवली होती? यात्रेकरूला पर्यटक न समजता नुसती गर्दी समजलं की असं होतं.

एक अडचण मात्र या वेळापत्रकानं सुटणार नाही आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तिकीट काढून येणाऱ्याला तारखा लावता येतील, वासोट्याची वाट बंद करता येईल, कासचं दार लावता येईल. पण ज्यानं कड्यावरची दोन एकर जमीन घेऊन बंगला बांधला, जेसीबीनं उतार कापला, झऱ्याचं पाणी आपल्या टाकीत वळवलं, त्याला कुठला हंगाम? तो जुलैतही येतो, एप्रिलातही येतो, आणि त्याच्या फाटकावर ग्रामसभेचा फलक चालत नाही. त्याच्यासाठी वेळापत्रक उपयोगाचं नाही, बिगरशेती परवानगी देतानाचा नकार उपयोगाचा आहे. उतार किती अंशांचा, वरच्या अंगाला झरा आहे का, खाली वस्ती आहे का, एवढे तीन प्रश्न तलाठ्याच्या आणि सरपंचाच्या सहीनं त्या अर्जाला जोडले गेले पाहिजेत, आणि तिन्हींपैकी एकाचंही उत्तर चुकीचं आलं तर अर्ज तिथंच थांबला पाहिजे. पंचायतीत असा ठराव घ्यायला मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही. जावळीतल्या एखाद्या गावानं येत्या मेमधल्या ग्रामसभेत तो घेऊन दाखवावा.